अल्बम आला त्या आठवड्यातली परीक्षणं किती मानायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वीझर या अमेरिकी रॉक बँडचा 'पिंकर्टन' हा अल्बम १९९६मध्ये आला तेव्हा त्याला नावं ठेवली गेली आणि आज लोक तो डोक्यावर घेतात. ओएसिस या ब्रिटिश बँडच्या 'बी हिअर नाऊ'चं बरोबर उलट झालं. मग तेव्हाच्या समीक्षकांना कळत नव्हतं, की आजच्या श्रोत्यांना कळत नाही? खरा अन्याय कुणावर झाला, आणि उगाच उदोउदो कुणाचा चाललाय?

बरीच वर्षं रॉक अल्बमांची परीक्षणं लिहितोय, अधूनमधून मिक्सिंगच्या, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांचे आणि गळ्याचे आवाज एकत्र जुळवण्याच्या, टेबलाशीही बसलोय. त्या जोरावर माझं मत आधीच सांगून टाकतो. नव्या अल्बमच्या पहिल्या आठवड्यात जे परीक्षण छापून येतं ते बहुतेकदा त्या बँडच्या मागच्या अल्बमचं असतं. मागच्या वेळी काय मिळालं होतं, या वेळी काय मिळायला हवं होतं, आणि ते मिळालं की नाही, एवढाच हिशोब त्यात मांडलेला असतो. अल्टरनेटिव्ह रॉकमध्ये हा प्रकार इतर संगीतापेक्षा जास्त दिसतो, कारण या बँडांनी दर वेळी बदलावं अशी अपेक्षा असते, आणि बदलले की लोक रागावतात.

'पिंकर्टन'चंच घ्या. १९९४चा वीझरचा पहिला अल्बम, ज्याला सगळे 'ब्लू अल्बम' म्हणतात, तो रिक ओकासेकने प्रोड्यूस केला होता. गिटारचा आवाज जाड पण घासूनपुसून स्वच्छ, स्वरांच्या जोड्या एकदम सुरात, सगळं जिथल्या तिथे. त्यातल्या 'बडी हॉली' गाण्याचा स्पाइक जोन्झने केलेला व्हिडिओ तर 'विंडोज ९५'च्या सीडीवर होता, म्हणजे ज्यांना रॉकशी देणंघेणं नव्हतं त्यांच्याही घरात वीझर शिरला होता. गमतीशीर, चश्मिस, निरुपद्रवी पोरांचा बँड अशी त्यांची प्रतिमा तयार झाली. नंतर बँडचा गायक रिव्हर्स कुओमो हार्वर्डला शिकायला गेला, पायाच्या वेदनादायक शस्त्रक्रियेतून गेला, एकटा पडला, आणि त्या काळात लिहिलेली गाणी बँडने स्वतःच प्रोड्यूस केली. ड्रम्स खोलीत वाजल्यासारखे ऐकू येतात, गिटार फाटते, गाताना आवाज चिरकतो आणि तो चिरकलेलाच ठेवलाय. ज्यांनी 'बडी हॉली'साठी पैसे मोजले होते त्यांना ही फसवणूक वाटली असेल तर त्यात नवल नाही. 'रोलिंग स्टोन'च्या वाचकांनी वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांत त्याची गणना केली. अमेरिकेच्या खपाच्या यादीत तो १९व्या क्रमांकावर आला आणि लगेच घसरला.

पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इमो, म्हणजे मनातली घालमेल उघडपणे गाणाऱ्या, रॉक बँडांची एक पिढी वर आली आणि त्यांनी 'पिंकर्टन' पाठ केला होता. तोवर कुओमोने स्वतःच त्या अल्बमकडे पाठ फिरवली होती. २००१मध्ये वीझर परतला तो पुन्हा ओकासेकला घेऊन, आखूड आणि गुळगुळीत गाण्यांचा हिरवा अल्बम घेऊन. माझ्या मते पहिल्या आठवड्याच्या परीक्षणांनी 'पिंकर्टन'चं काही बिघडवलं नाही. बिघडलं ते त्याच्यानंतरचं सगळं. इतकं उघडं लिहिण्याची हिंमत त्या माणसाने पुन्हा फारशी केली नाही. वाईट परीक्षणाचा खरा परिणाम पुढच्या अल्बमवर होतो. हा भाग यादी करणाऱ्यांच्या हिशोबात कधी येत नाही.

आता 'रोलिंग स्टोन'ने २००४मध्ये त्याला पाच तारे दिले, २०१०च्या नव्या आवृत्तीला 'पिचफोर्क' या संगीतविषयक संकेतस्थळाने दहापैकी दहा दिले. म्हणजे आता निकाल पक्का? तर नाही. आज पंचविशीतले श्रोते हाच अल्बम ऐकतात तेव्हा जपानहून पत्र पाठवणाऱ्या मुलीवरचं गाणं त्यांना खटकतं. एका अनोळखी तरुणीबद्दल, तिच्या देशाबद्दल, तिच्या पाकिटाच्या वासाबद्दलची ती वखवख आम्ही तेव्हा 'प्रामाणिकपणा' म्हणून खपवून घेतली होती. अल्बमचं नाव पुच्चिनीच्या 'मादाम बटरफ्लाय'मधल्या त्या अमेरिकन नौदल अधिकाऱ्यावरून घेतलंय. तो जपानी बायकोला सोडून जातो. म्हणजे कुओमोला आपण कोणत्या रांगेत उभे आहोत याची जाणीव होती. पण जाणीव असणं आणि सुटका होणं यात फरक आहे. मला अल्बम आजही आवडतो आणि आक्षेप आजही योग्य वाटतो. दोन्ही एकाच वेळी शक्य आहे.

'बी हिअर नाऊ'ची गोष्ट वेगळी आणि माझ्या धंद्याला जास्त लाज आणणारी. १९९५च्या ऑक्टोबरात '(व्हॉट्स द स्टोरी) मॉर्निंग ग्लोरी?' आला तेव्हा ब्रिटिश समीक्षकांनी त्याला सांभाळूनच दाद दिली होती, काहींनी तर नाक मुरडलं होतं. लोकांनी मात्र तो लाखोंनी घेतला. समीक्षकांचं हसं झालं. म्हणून १९९७मध्ये पुढच्या अल्बमच्या वेळी कुणालाही पुन्हा मागे राहायचं नव्हतं. त्यात अल्बम आधी ऐकायला मिळणं हीच मोठी कृपा होती. बँडच्या व्यवस्थापनाने इतक्या अटी घातल्या होत्या की शांतपणे दहा वेळा ऐकून लिहिणं कुणाला शक्यच नव्हतं. २१ ऑगस्टला तो बाजारात आला, पहिल्याच दिवशी ब्रिटनमध्ये चार लाखांवर प्रती गेल्या आणि परीक्षणांत स्तुतीचा पाऊस पडला. काही महिन्यांतच तीच मंडळी कुजबुजायला लागली. पुढे बँडचा गिटारवादक आणि गीतकार नोएल गॅलगर स्वतःच त्याला नावं ठेवण्यात सगळ्यांच्या पुढे गेला.

या अल्बमबद्दल माझं मत सरळ आहे: तो वाईट गाण्यांचा अल्बम नाही, तो न थांबणाऱ्या गाण्यांचा अल्बम आहे. एकूण लांबी ७१ मिनिटांच्या वर. पहिलंच गाणं साडेसात मिनिटं ओलांडतं, 'ऑल अराउंड द वर्ल्ड' नऊ मिनिटांच्या पुढे जातं आणि तरी त्याचं धृपद नंतर परत येतं! गिटारवर गिटारचे थर इतके चढवलेत की एकही गिटार ऐकू येत नाही. २०१६मध्ये नव्या आवृत्तीच्या वेळी नोएलने पहिल्या गाण्याचं मिक्स नव्याने केलं. ते आधी ऐका, मग मूळ ऐका. गाणं तेच आहे, पण नव्या मिक्समध्ये श्वास घ्यायला जागा आहे. संपूर्ण अल्बम असाच करायचा विचार होता म्हणे, पण तो एका गाण्यावर थांबला. मला ते समजण्यासारखं वाटतं. थर काढून टाकता येतात, पण साडेसात मिनिटांची कल्पना चार मिनिटांची करायची तर गाणं पुन्हा लिहावं लागतं.

मिक्सचा विषय निघालाच आहे तर इथे जरा रेंगाळतो, कारण अल्बमच्या स्वागतात आवाजाचा वाटा किती मोठा असतो हे श्रोत्यांना सहसा सांगितलं जात नाही. 'गाणी कमकुवत आहेत', 'ऊर्जा नाही', 'थंड वाटतं', अशी जी वाक्यं परीक्षणात येतात त्यांतली निम्मी खरं तर मिक्सबद्दलची तक्रार असतात, फक्त लिहिणाऱ्याला ते ओळखता आलेलं नसतं.

रिप्लेसमेंट्सचा १९८५चा 'टिम' हे याचं सर्वांत सुंदर उदाहरण. प्रोड्यूसर होता टॉमी एर्डेली, म्हणजे रामोन्सचा पहिला ड्रमर टॉमी रामोन. गाणी अव्वल, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं, पण रेकॉर्ड ऐकताना बँड बंद दारापलीकडे वाजतोय असं वाटायचं. ड्रम्स पातळ, बेस जवळजवळ गायब. २०२३मध्ये एड स्टॅसियमने त्याच मूळ टेपवरून नवं मिक्स केलं. तेच वादन, तोच आवाज, एकही सूर नव्याने वाजवलेला नाही. आणि अचानक कळतं की हा ड्रमर किती जबरदस्त होता. जवळपास चाळीस वर्षं लोकांनी ज्याला बँडचा ढिसाळपणा समजून प्रेम केलं तो बराचसा मिक्सचा ढिसाळपणा होता. काही जुने चाहते नव्या मिक्सवर चिडले. त्यांच्या आठवणीतला 'टिम' तो पातळच होता, त्याला ते तरी काय करणार.

पर्ल जॅमच्या 'टेन'वरही असाच प्रयोग झाला. १९९१च्या मूळ मिक्समध्ये इतका घुमारा आहे की बँड एखाद्या रिकाम्या स्टेडियममध्ये वाजवतोय असं वाटतं, आणि बँडमधल्यांना तो नंतर खटकत राहिला. २००९मध्ये ब्रेंडन ओब्रायनने कोरडं, जवळचं मिक्स केलं. इथे मात्र मी जुन्याच्या बाजूचा. 'टेन'ची गाणी मुळात मोठ्या जागेसाठीच लिहिलीत, घुमारा काढला की ती जरा ओशाळवाणी होतात. म्हणजे स्वच्छ मिक्स ते चांगलं मिक्स, असा काही नियम करता येत नाही.

आर.ई.एम.चा 'मॉन्स्टर' यात सगळ्यात दुर्दैवी. 'आउट ऑफ टाइम' आणि 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' या दोन हळुवार, मँडोलिन-तंतुवाद्यांच्या अल्बमांनी त्यांना घराघरात नेलं होतं. १९९४मध्ये त्यांनी कर्कश गिटारचा, थरथरणाऱ्या इफेक्टचा अल्बम काढला. तो थेट पहिल्या क्रमांकावर गेला, लाखो लोकांनी न ऐकताच विकत घेतला आणि तितक्याच झटपट विकून टाकला. अमेरिकेतल्या जुन्या सीडींच्या दुकानात त्याच्या नारिंगी कव्हरचे ढीग हा रॉकप्रेमींमध्ये विनोदाचा विषय झाला. मुद्दा असा की 'मॉन्स्टर'ची बदनामी त्याच्या खपामुळे झाली. तो पन्नास हजार खपला असता तर आज त्याला हरवलेलं रत्न म्हणून मिरवलं असतं. प्रोड्यूसर स्कॉट लिटने २०१९मध्ये स्वतःच्याच जुन्या मिक्सवर असमाधान दाखवून नवं मिक्स केलं आणि मायकल स्टाइपचा आवाज पुढे आणला. मला ते पटलं नाही. त्या अल्बममध्ये गायक गिटारच्या आड लपतो, वेगवेगळी सोंगं घेतो, हीच तर कल्पना होती. त्याला ओढून उजेडात आणलं की सोंगच संपलं.

हाच लिट १९९३च्या एका मोठ्या भांडणातही होता. निर्वानाने 'इन यूटरो'साठी स्टीव्ह अल्बिनीला बोलावलं. मिनेसोटातल्या पॅकिडर्म स्टुडिओत फेब्रुवारीत साधारण दोन आठवड्यांत काम झालं. अल्बिनीने रॉयल्टी नाकारली, एक लाख डॉलर एकरकमी घेतले, कारण बँडच्या रेकॉर्डवर इंजिनिअरने आयुष्यभर टक्केवारी खाणं त्याला अनैतिक वाटायचं. मग बातम्या फुटल्या की कंपनीला हे ध्वनिमुद्रण प्रकाशित करण्याजोगं वाटत नाही. बँडने जाहिरात देऊन खुलासे केले, शेवटी 'हार्ट-शेप्ड बॉक्स' आणि 'ऑल अपॉलॉजीज' या दोन गाण्यांचं मिक्स लिटकडून नव्याने करून घेतलं. अल्बम सप्टेंबरात आला तोवर प्रत्येक समीक्षकाच्या डोक्यात ही लढाई घुमत होती. त्यामुळे परीक्षणं आवाजावरच जास्त लिहिली गेली. गाण्यांतला थकवा, आजारपणाची भाषा, त्यातला कोरडा विनोद याकडे नीट लक्ष गेलं ते एप्रिल १९९४ नंतर, आणि तेव्हा ते जरा अतीच गेलं. गायक कर्ट कोबेनच्या मृत्यूनंतर त्या अल्बमला लोकांनी आत्महत्येआधीची शेवटची चिठ्ठी करून टाकलं. दोन्ही वेळा अल्बम बाजूला पडला. अशा वेळी मी 'मिल्क इट' वाजवतो. पडदा बाजूला सारून ड्रमर, गिटारवाला आणि बेसवाला खोलीत उभे राहतात, इतकं ते प्रत्यक्ष आहे, आणि तिथे कुठलीही दंतकथा टिकत नाही.

'नेव्हरमाइंड'बद्दल फार लिहीत नाही, भरपूर लिहून झालंय. फक्त एवढं: अमेरिकेत सुरुवातीला त्याच्या सुमारे ४६ हजार प्रतीच पाठवल्या होत्या, 'रोलिंग स्टोन'ने त्याला पाचपैकी तीन तारे दिले होते, आणि जानेवारी १९९२मध्ये त्याने मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला पहिल्या क्रमांकावरून खाली ओढलं. ही झेप दिसली त्यामागे एक रुक्ष कारणही आहे. मे १९९१पासून खपाच्या याद्या छापणाऱ्या 'बिलबोर्ड'ने दुकानदारांना विचारून यादी बनवण्याऐवजी साउंडस्कॅनचे गल्ल्यावरचे प्रत्यक्ष आकडे वापरायला सुरुवात केली होती. दुकानदार काय सांगतो आणि गिऱ्हाईक काय घेऊन जातं यातली तफावत उघडी पडली. रॉक, रॅप, कंट्री, सगळेच त्या वर्षी अचानक 'मोठे' झाले. तीन तारे देणाऱ्यालाही दोष देऊ नका. तीन तारे म्हणजे चांगला अल्बम. तो इतिहास घडवणार आहे हे ओळखणं परीक्षणाच्या कामात मोडत नाही.

आता 'किड ए'. इथे मला उलट बाजू घ्यायची आहे. रेडिओहेडचा हा अल्बम ऑक्टोबर २०००मध्ये आला, एकही सिंगल नाही, नेहमीसारखे व्हिडिओ नाहीत, आधीच नॅपस्टर या गाणी फुकट वाटून घेण्याच्या इंटरनेट सेवेवर फुटलेला, आणि तरी ब्रिटन व अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर. 'पिचफोर्क'ने दहा दिले. 'मेलडी मेकर' या ब्रिटिश साप्ताहिकाने पाचपैकी दीड. आज त्या दीडवाल्याची सगळे टिंगल करतात, आणि 'द न्यू यॉर्कर'मध्ये लिहिणाऱ्या निक हॉर्नबीचीही. पण हॉर्नबीचा मुद्दा मूर्खपणाचा नव्हता. त्याचं म्हणणं साधारण असं होतं की हा अल्बम श्रोत्याकडून जो वेळ आणि जी चिकाटी मागतो ती सोळा वर्षांच्या मुलाकडे असते, दिवसभर काम करून घरी आलेल्या माणसाकडे नसते. मला स्वतःला 'किड ए' अतिशय प्रिय आहे. पण आज त्याची स्तुती करणारे बहुतेक लोक तो सोळा ते बाविसाव्या वर्षी ऐकलेले आहेत, हेही खरं आहे. म्हणजे हॉर्नबीने अल्बमबद्दल चूक केली असेल, श्रोत्यांबद्दल त्याचं निदान बरोबर निघालं. अभिजात ठरलेल्या अल्बमांच्या याद्या बनवतं कोण, तर त्यांच्याबरोबर वयात आलेली माणसं. त्यांची वयं पन्नाशीकडे झुकली की नवी पिढी नवी यादी करते.

समीक्षक मत बदलतात तेव्हा त्यामागे नेहमी कान नसतो. लिझ फेअरच्या १९९३च्या 'एक्झाइल इन गायव्हिल'वर इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या संगीताच्या, जगताने जीव टाकला होता. २००३मध्ये तिने स्वतःच्याच नावाचा चकचकीत पॉप अल्बम काढला, तर 'पिचफोर्क'ने त्याला शून्य दिलं. शून्य! ध्वनिमुद्रित आवाज आहे एवढ्यावर तरी एखादा गुण द्यायचा. ते लिहिणाऱ्याने २०१९मध्ये तिची जाहीर माफी मागितली, आणि २०२१मध्ये त्या संकेतस्थळाने काही जुने गुण बदलले तेव्हा हा अल्बम सहावर आला. सहा मला योग्य वाटतात. पण बघा, शून्य देताना राग होता तो 'आमच्या' लिझ फेअरने पॉपवाल्यांशी हातमिळवणी केली याचा. सहा देताना हवा बदललेली होती, पॉपला कमी लेखणं आता अप्रतिष्ठेचं झालं होतं. दोन्ही निकालांत काळच बोलतोय. अल्बमवर खरा प्रश्न वेगळा होता: तिची लेखणी त्या गुळगुळीत साच्यात बसते का? काही गाण्यांत छान बसते, आणि बाकीच्यांत ती दुसऱ्याचे कपडे घालून उभी आहे. हे १९९३ आठवल्याशिवायही सांगता आलं असतं.

कधीकधी अल्बमभोवतीची घटनाच अल्बमचा अर्थ ठरवून टाकते. विल्कोचा 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट' रिप्राइज कंपनीने नाकारला, बँडने सप्टेंबर २००१मध्ये तो स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट ऐकायला ठेवला, आणि मग एप्रिल २००२मध्ये नॉनसचने तो प्रकाशित केला. गंमत अशी की दोन्ही कंपन्या एकाच मालकाच्या, म्हणजे एका खिशाने नाकारलेलं दुसऱ्या खिशाने विकत घेतलं. कंपनी विरुद्ध कलावंत ही कथा समीक्षकांना आवडते, मलाही आवडते. शिवाय कव्हरवर शिकागोच्या मरिना सिटीचे जुळे मनोरे, आणि गाण्यांत इमारती थरथरतात, अमेरिकी झेंड्यांची राख होते. ११ सप्टेंबरनंतर हे ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येणारच. गाणी मात्र त्याआधीच लिहून, मुद्रित करून झाली होती. ही सगळी कथा बाजूला काढून ऐकलं तरी अल्बम उभा राहतो, त्याचं श्रेय मी जिम ओरूर्कच्या मिक्सला देतो. साध्यासुध्या गाण्यांच्या भोवती खरखर, घंटा, रेडिओचे आवाज ठेवले आणि नेमक्या वेळी काढून घेतले. उगाच उदोउदो म्हणून तुम्ही हे नाव घेणार असाल तर मी तुमच्याशी भांडेन.

उदोउदोच हवा असेल तर मी न्यूट्रल मिल्क हॉटेलचा 'इन द एअरोप्लेन ओव्हर द सी' पुढे करीन. १९९८मध्ये त्याचं स्वागत चांगलं पण माफक झालं, आणि ते मला अगदी योग्य वाटतं. पुढे गायक जेफ मँगम लोकांतून दिसेनासा झाला आणि त्या रिकाम्या जागेत चाहत्यांनी एक संत उभा केला. गाणी सच्ची आहेत, ब्रासच्या सुरावटी सुरेख आहेत, पण चाल तीच, ताण तोच, आवाजाची पट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत वर टांगलेली. अर्ध्यानंतर मी दमतो. ज्यांना दमल्यासारखं होत नाही त्यांचा हेवा वाटतो, इतकंच.

सगळेच मोठे अल्बम सुरुवातीला उपेक्षित होते हाही एक लाडका गैरसमज आहे. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा 'लव्हलेस' १९९१मध्ये आला तेव्हा समीक्षकांनी त्याला तत्काळ ओळखलं, फक्त तो फार खपला नाही. स्लिंटच्या 'स्पायडरलँड'ची गोष्ट आणखी चमत्कारिक. सहा गाणी, चार दिवसांत मुद्रण, प्रकाशनाआधीच बँड फुटलेला. कुणी वाईट म्हटलं नाही, कारण मुळात कुणी काही म्हटलंच नाही. अपवाद पुन्हा अल्बिनी. त्याने 'मेलडी मेकर'मध्ये त्याला दहा तारे दिले आणि हा अल्बम पुढे किती मोठा ठरेल तेही लिहून ठेवलं. पहिल्या आठवड्यातलं परीक्षण अचूक असू शकतं, याचा हा पुरावा. पण तो लिहिणारा स्वतः ध्वनिमुद्रण करणारा होता आणि त्या पोरांना आधीपासून ओळखत होता. त्याला अपेक्षाभंगाची भीती नव्हती.

राहता राहिला खरा अन्याय. माझं मत स्मॅशिंग पंपकिन्सच्या 'अडोर'ला. १९९५चा 'मेलन कॉली अँड द इन्फिनिट सॅडनेस' प्रचंड खपला होता. मग १९९६मध्ये दौऱ्यातल्या कीबोर्डवादकाचा अमली पदार्थाने मृत्यू झाला, ड्रमर जिमी चेंबरलिनला काढून टाकलं गेलं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी गायक बिली कॉर्गनची आई गेली. १९९८मध्ये आलेल्या 'अडोर'मध्ये ड्रम मशीन आहे, पियानो आहे, शोक आहे. ज्यांना गिटारची भिंत हवी होती त्यांनी पाठ फिरवली, आणि 'इलेक्ट्रॉनिक लाटेवर स्वार होण्याचा प्रयत्न' असा शिक्का बसला. त्या मशीनचा ठोका नीट ऐका. नाचाशी त्याचा संबंध नाही, तो गेलेल्या ड्रमरची रिकामी खुर्ची आहे. अल्बम लांब आहे, ७० मिनिटांच्या पुढे जातो, त्यातली तीन-चार गाणी मी काढून टाकली असती. तरी 'फॉर मार्था'सारखं गाणं त्या बँडने पुन्हा केलं नाही.

तर कानांवर विश्वास ठेवायचा का? ठेवा, पण कानांना थोडी मदत करा. दोन अल्बमांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा, जो मोठ्याने वाजतो तो नेहमी पहिल्या खेपेला चांगला वाटतो, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून रेकॉर्ड कंपन्यांनी याच कमजोरीवर धंदा केलाय. नवी 'रीमास्टर' आवृत्ती, म्हणजे जुनंच ध्वनिमुद्रण नव्याने घासूनपुसून काढलेली, जास्त 'जिवंत' वाटली तर आधी व्हॉल्यूम खाली करून पुन्हा ऐका, जिवंतपणा बहुतेकदा तिथेच विरघळतो. परीक्षण वाचायचंच तर तारे सोडून वर्णन वाचा. 'विस्कळीत', 'लांबलेला', 'आवाज विचित्र' अशा तक्रारींतून अल्बम कसा आहे ते कळतं, आणि तसं तुम्हाला आवडतं की नाही ते तुम्हालाच ठाऊक. गुणांची सरासरी काढणारी संकेतस्थळं तर मी पाहतच नाही. ज्याला निम्मे लोक दहा आणि निम्मे दोन देतात, आणि ज्याला सगळेच सहा देतात, ते दोन्ही अल्बम तिथे एकाच आकड्यावर बसतात. मला त्यातला पहिलाच ऐकायचा असतो.

तुम्ही 'पिंकर्टन'वरून सुरुवात केलीय म्हणून पुढचा अल्बम सुचवतो: पेव्हमेंटचा 'वाउई झाउई', १९९५. आधीच्या वर्षी 'कट युअर हेअर' गाण्याने त्यांना मोठं होण्याची आयती संधी दिली होती आणि त्यांनी अठरा गाण्यांचा हा पसारा काढला. पंक, कंट्री, अर्धवट विनोद, मध्येच अवाक करणारी चाल. मूळ रेकॉर्डच्या तीनच बाजूंवर गाणी होती, चौथी कोरी. तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी याला आळशीपणा म्हटलं. पहिली चार गाणी ऐकून थांबू नका. 'ग्राउंडेड' त्याच्या पुढे लागतं, आणि दोन गिटारी इतक्या सावकाश एकमेकींत मिसळताना तुम्हाला त्या बँडच्या दुसऱ्या कुठल्याही अल्बममध्ये सापडणार नाहीत.